कंट्री जॅममध्ये स्टील गिटार: घरून निघण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत

टेक्सासमध्ये राहणाऱ्या आपल्या बऱ्याच संगीतवेड्या लोकांना पत्ताच नसतो की घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर, एखाद्या छोट्या गावाच्या कम्युनिटी सेंटरमध्ये नाहीतर माजी सैनिकांच्या व्हीएफडब्ल्यू हॉलमध्ये, दर आठवड्याला ठरलेल्या संध्याकाळी कंट्री म्युझिकचा जॅम भरतो. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात, पाचसहा गिटार, एखादं फिडल (म्हणजे व्हायोलिन), एक बास, कॉफीचा मोठा थर्मास, कुणीतरी घरून करून आणलेला पाय नावाचा गोड पदार्थ, आणि एकेकाची पाळी येईल तसं ज्याने त्याने आपलं गाणं गायचं. यात स्टील गिटारवाला आला की लोक खरंच खूश होतात, कारण गिटारवाले ढीगभर मिळतात, स्टीलवाले मिळत नाहीत.

आणि हे वाद्य आपल्या कानांना परकं अजिबात नाही. हिंदी सिनेमाची गाणी वाजवणारे व्हॅन शिपली किंवा सुनील गांगुली ज्यांनी ऐकलेत, किंवा ब्रिजभूषण काब्रांचे राग ऐकलेत, त्यांनी याच घराण्याचं वाद्य ऐकलंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाईमध्ये जोसेफ केकुकू या मुलाने तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून वाजवायला सुरुवात केली असं मानतात, तिथून ते एकीकडे भारतात आलं आणि दुसरीकडे टेक्सास-नॅशव्हिलला जाऊन कंट्रीचा आवाज बनलं. मींड कानात मुरलेली असेल तर बाराव्या दिवशीसुद्धा तुमचा बार (तारांवर सरकवायचा धातूचा तुकडा) सुरावर थांबतो, हा फायदा आपल्याकडे आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, बाकी सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. जॅममध्ये स्टीलचं काम साथीचं. बुवा गात असताना चांगला पेटीवाला जसा ओळ संपेपर्यंत थांबतो आणि श्वासाच्या जागेत दोन सूर भरतो, तेवढंच. हे ज्याला जमलं त्याला तीन कॉर्डवरही (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर) लोक पुढच्या आठवड्यात परत बोलावतात, आणि ज्याला हे जमत नाही तो कितीही फास्ट वाजवत असला तरी त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागते.

वाद्य कोणतं न्यायचं

दोन पर्याय आहेत. लॅप स्टील म्हणजे मांडीवर ठेवायची सहा किंवा आठ तारांची, पेडल वगैरे काही नाही, काखेत मारून नेता येते, काहीशे डॉलरमध्ये बरी मिळते. ट्यूनिंग सी सिक्स्थ ठेवा, जाड तारेकडून बारीककडे सी, ई, जी, ए, सी, ई. जी चा कॉर्ड सातव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरची आडवी रेघ), सी बाराव्यावर, डी दुसऱ्या किंवा चौदाव्यावर. कंट्री गायक हँक विल्यम्सच्या मागे डॉन हेल्म्स वाजवायचे ती स्टीलसुद्धा बिनपेडलचीच होती, त्यामुळे लॅप स्टील कमी दर्जाची असं अजिबात समजू नका, पहिले काही महिने तीच नेली तर उत्तम.

पण कंट्री म्हटल्यावर जो रडवणारा, एक सूर जागेवर आणि दुसरा त्याच्या आत वळणारा आवाज डोक्यात येतो तो पेडल स्टीलचा. १९५४ साली गाजलेल्या गायक वेब पिअर्सच्या एका गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर चढवला आणि तेव्हापासून सगळे तेच करायला लागले. दहा तारा, तीन पेडल, चार नी लिव्हर (गुडघ्याने ढकलायच्या दांड्या) एवढी ई नाइन्थ ट्यूनिंगची स्टील जॅमसाठी भरपूर झाली, डबल नेकच्या (दोन दांड्यांच्या) मोहात पडू नका, ती उचलून नेतानाच जीव जातो. सेकंडहँड घेताना एक नक्की विचारा, पेडल एमन्स पद्धतीचे आहेत की डे पद्धतीचे. एमन्समध्ये डावीकडून ए, बी, सी असा क्रम असतो आणि डे मध्ये बरोबर उलटा. दोन्ही चांगले, पण शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ एमन्स धरून असतात.

तारा आणि पेडल, कामापुरते

ई नाइन्थच्या तारा पहिलीपासून दहावीपर्यंत अशा: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा बी चढवून सी शार्प करतो. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा जी शार्प चढवून ए करतो. सी पेडल चौथीचा ई एफ शार्पवर नेतो आणि पाचवीचा बी सी शार्पवर. लिव्हरपैकी दोन आधी शिका, एक ई चा एफ करणारा आणि दुसरा ई उतरवून डी शार्प करणारा. बाकीचे सावकाश.

आता जॅममध्ये खरी उपयोगाची गोष्ट. पेडल न दाबता तिसऱ्या फ्रेटवर चौथी, पाचवी, सहावी तार छेडली की जी मेजर. तिथेच बार न हलवता ए आणि बी पेडल एकदम दाबले की सी मेजर. ते दोन्ही दाबलेलेच ठेवून बार दोन फ्रेट वर, पाचव्यावर नेला की डी मेजर. झालं, जी मधल्या हजारो गाण्यांचे तिन्ही कॉर्ड दोन फ्रेटच्या आत आले. आणि हाच नियम कुठल्याही पट्टीला लागू, म्हणजे १ चा (पट्टीच्या सा वरचा) कॉर्ड ज्या फ्रेटवर, ४ (म वरचा) तिथेच ए-बी दाबून, ५ (प वरचा) दोन फ्रेट वर ए-बी दाबून. एफ पहिल्या फ्रेटवर, ए पाचव्यावर, बी फ्लॅट सहाव्यावर, सी आठव्यावर, डी दहाव्यावर, ई बाराव्यावर. कॅपो (पट्टी चढवायला गिटारच्या दांड्याला लावतात तो चिमटा) नको, काही नको, गायिकेने ऐनवेळी "आज बी फ्लॅटमध्ये गाते" म्हटलं की गिटारवाले शोधाशोध करत असतात आणि तुम्ही बार सहाव्या फ्रेटवर ठेवून तयार.

मायनरसाठी तिसऱ्याच फ्रेटवर फक्त ए पेडल दाबा, ई मायनर मिळतो, म्हणजे ६ चा कॉर्ड. बी आणि सी पेडल एकत्र दाबले तर ए मायनर, म्हणजे २ चा. एवढ्यावर बरेच महिने निघतात. नंतर त्याच जी मेजरच्या आणखी दोन जागा पाठ करा, सहाव्या फ्रेटवर ए पेडल आणि ई चा एफ करणारा लिव्हर, आणि दहाव्या फ्रेटवर ए-बी.

सूर लावणं, याला वेळ द्याच

टेक्सासच्या उन्हात गाडीच्या डिकीत तापलेली स्टील एसीच्या हॉलमध्ये आणली की तारा सरकतात, धातूच आहे शेवटी. म्हणून निदान अर्धा तास आधी पोचा, स्टीलचे पाय जोडा, पेडलचे रॉड अडकवा, आणि मग पंधरा मिनिटं तिला हात लावू नका, खोलीचं तापमान घेऊ द्या. त्यानंतर आधी सगळ्या खुल्या तारा लावायच्या, मग एकेक पेडल दाबून चढलेला सूर टोकाच्या नायलॉन नटवर छोट्या पान्याने लावायचा, मग लिव्हर. क्रम उलटा केला तर सगळं परत करावं लागतं.

आणि इथे आपल्या कानाचा विषय येतो. ट्यूनरचा काटा मधोमध आणून जी शार्पच्या तारा लावल्या तर मेजर कॉर्ड कर्कश वाटतो, कारण ई ला सा धरलं तर जी शार्प म्हणजे गंधार, आणि ट्यूनरचा तो गंधार पेटीसारखा समान भागात कापलेला आहे, ४०० सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तानपुऱ्यात ऐकू येणारा नैसर्गिक गंधार साधारण ३८६ सेंटवर असतो, म्हणजे १४ सेंट खाली. स्टीलवाले म्हणूनच जी शार्पच्या तारा आणि ए पेडलचा सी शार्प थोडे उतरवून लावतात. पूर्ण १४ उतरवले तर एकट्याने वाजवताना फार गोड लागतं पण सभोवती पाच गिटार ट्यूनरने लावलेल्या असतात, त्यांच्याशी ते खटकतं, त्यामुळे मी मधला मार्ग घेते, आठदहा सेंटवर थांबते. ई आणि बी मात्र ट्यूनरच्या जवळच ठेवायचे, नाहीतर बासशी भांडण होतं.

तिसरी तार, ०.०११ इंचाची, सगळ्यात जास्त तुटते. खिशात दोन जादा ठेवा. तार तुटली तर गाणं संपेपर्यंत सहाव्या-आठव्या-दहाव्या तारांवर साथ करा, थांबायची गरज नाही.

बसायचं कुठे, आवाज किती

शक्यतो बासच्या शेजारी आणि गाणाऱ्याचा डावा हात दिसेल अशी जागा घ्या. अँप्लिफायर स्वतःच्या मागे, थोडा तिरका, तुमच्याच कानाकडे तोंड करून, म्हणजे तुम्हाला तुमचा आवाज आधी ऐकू येतो आणि तुम्ही तो वाढवत बसत नाही. गाणारे बहुतेक माइकशिवाय किंवा एकाच माइकवर असतात, शब्द ऐकू आले नाहीत तर चूक स्टीलची, हे धरूनच चाला. मिड, म्हणजे मधल्या पट्ट्यातला आवाज, थोडा कमी करा, साधारण ८०० हर्ट्झच्या आसपास, तिथे स्टील नाकात बोलते आणि गळ्याशी टक्कर घेते. रिव्हर्ब (घुमारा) थोडा, डिले (प्रतिध्वनी) नको.

उजव्या पायाखालचा व्हॉल्यूम पेडल हे अर्धं वाद्य आहे. तार छेडताना तो अर्ध्यावर, आणि सूर विरायला लागला की हळूहळू पुढे दाबत जायचं, म्हणजे सूर लांबतो, गायकाच्या लांब स्वरासारखा. प्रत्येक सुराला पाय वरखाली करत बसलात तर समुद्राच्या बोटीवर बसल्यासारखं वाटतं ऐकणाऱ्याला.

पाळी सुरू व्हायच्या आधी जो जॅम चालवतो त्याच्याशी जाऊन बोला. सहसा साठी-सत्तरीतले कुणीतरी असतात, त्यांना सर, मॅडम म्हणायची तिथे पद्धतच आहे. आपण नवीन आहोत, मागे बसून थोडं वाजवू का, एवढं विचारलं की काम होतं. आधीच एक स्टीलवाला बसलेला असेल तर त्याला विचारून एकआड एक गाणी वाटून घ्या, दोन स्टील एकाच वेळी म्हणजे नुसता गोंधळ.

गाणं सुरू झालं

गाणारा पट्टी सांगतो, "जी", किंवा नुसती बोटं दाखवतो. मधल्या कॉर्डसाठीही बोटंच, चार बोटं म्हणजे ४ चा कॉर्ड, पंजा म्हणजे ५. हे आकडे नॅशव्हिल नंबर सिस्टिमचे, १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूजने स्टुडिओत गाण्याचे कॉर्ड असे आकड्यांत लिहायला सुरुवात केली, नंतर वादक चार्ली मॅकॉयने ती पद्धत वादकांत पसरवली. ज्याला सारेगम येतं त्याला ही पाच मिनिटांत कळते, सा वरचा कॉर्ड १, म वरचा ४, प वरचा ५.

बोटं दिसली नाहीत तर गिटारवाल्याचा डावा हात बघा. गिटारवरचे जी, सी, डी चे आकार लांबून ओळखायला शिकणं हा माझ्या मते जॅमचा सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. कॅपो असेल तर मनात मोजायचं: दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि जी चा आकार म्हणजे ए, तिसऱ्यावर असेल तर बी फ्लॅट, सी चा आकार आणि कॅपो पाचव्यावर म्हणजे एफ.

आता एक कडवं घेऊन बघू. सोळा बार (हा बार म्हणजे तालाचं एक माप, खालचा एकेक आकडा म्हणजे एकेक बार), जी मध्ये, असे कॉर्ड खूप गाण्यांत येतात:

१ १ ४ १
१ १ ५ ५
१ १ ४ ४
१ ५ १ १

पहिल्या ओळीचे शब्द चालू असताना काहीच वाजवू नका, खरंच काही नको. गाणारा कुठे श्वास घेतो, ओळीचा शेवटचा शब्द चौथ्या बारच्या आधी संपवतो की त्यात ओढतो ते ऐका. चौथ्या बारमध्ये जागा झाली की तिसऱ्या फ्रेटवर पाचवी आणि सहावी तार ए-बी दाबून छेडा आणि सूर वाजत असतानाच दोन्ही पेडल हळूच सोडा. ई आणि सी वरून डी आणि बी वर उतरतं ते, म्हणजे सी मधून जी मध्ये परत आलात. दोन तारा, एक छेड, आणि लगेच उजव्या तळव्याच्या कडेने तारा बंद करा. एवढ्यानेसुद्धा गाणारा मान वळवून तुमच्याकडे बघतो.

दुसरी ओळ ५ वर संपते, तिथे दोन बार रिकामे मिळतात, ही कडव्यातली सगळ्यात मोठी जागा. पाचव्या फ्रेटवर ए-बी दाबून चौथी-पाचवी-सहावी, डी चा पूर्ण कॉर्ड, लांब ठेवा, पाय हळूहळू पुढे. आठव्या बारच्या शेवटी हातातला बार तिसऱ्या फ्रेटकडे सरकवायला लागा, क्षणभर ए-बी दाबलेलेच असताना सी ऐकू येतो, आणि नवव्या बारच्या बरोबर पहिल्या ठोक्यावर पेडल सुटले पाहिजेत. हा ठोका चुकला तर सगळं वाया, म्हणून घरी मेट्रोनोम लावून फक्त हेच घासा.

तिसऱ्या ओळीचे ४ चे दोन बार नुसते भरून काढायचे, कमी आवाजात एकच लांब कॉर्ड, कारण शब्दांचा जोर इथेच असतो. शेवटी पंधराव्या-सोळाव्या बारला मोह होतो पण पुढच्या कडव्याचे शब्द बऱ्याचदा ठोक्याच्या आधीच सुरू होतात, तेव्हा पंधराव्यात काय ते वाजवा आणि सोळावा मोकळा सोडा.

फिडलवालाही तिथेच आहे, त्यालाही याच जागा हव्या असतात. सरळ नजरेने ठरवून घ्यायचं, पहिलं कडवं त्याचं, दुसरं तुमचं. दुसरा कुणी भरत असताना किंवा सोलो वाजवत असताना हात तारांवरून उचलून ठेवा.

"टेक अ राइड, स्टील!"

असं ओरडून किंवा नुसती मान हलवून सोलो दिला जातो, तिथे लोक त्याला ब्रेकही म्हणतात. बऱ्याचदा अर्धं कडवं फिडलला आणि अर्धं स्टीलला. इथे माझं स्पष्ट मत आहे, गाण्याची चालच वाजवा. हॉलमध्ये बसलेल्या लोकांना ते गाणं लहानपणापासून पाठ असतं, काहीजण मागे टू-स्टेप नाचत असतात, त्यांना चाल ऐकायची असते. आधी एकेका तारेवर चाल शोधा, मग खाली सिक्स्थचा (सहा स्वरांच्या अंतराचा) जोड लावा, चौथीबरोबर सहावी आणि तिसरीबरोबर पाचवी. शब्द मनात म्हणत वाजवलं की श्वासाच्या जागा आपोआप पडतात. पेडल स्टीलवादक लॉइड ग्रीन यांचं वाजवणं या एकाच गोष्टीसाठी वेळ काढून ऐका, गाणाऱ्याच्या भोवती किती कमी सुरांत किती बोलता येतं ते कळतं.

कधी तुम्हालाच गाणं सुरू करायला सांगतात, किक-ऑफ. शेवटच्या ओळीची चाल वाजवायची, ५ वरून १ वर यायचं, झालं. जी मध्ये एक पक्की वाट म्हणजे दहाव्या फ्रेटवर पेडलशिवाय पाचवी, सहावी आणि नववी तार, हा डी सेव्हन्थ, मग नववी सोडून तिथेच ए-बी दाबा, जी आला. बार हललाच नाही त्यामुळे बेसूर व्हायची भीती कमी.

गाण्याच्या शेवटी शेवटची ओळ परत घेतात, ती ऐकून ओळखायची, गाणारा पाय उचलतो किंवा गिटारचा दांडा खाली आणतो. शेवटच्या जी वर बार तिसऱ्या फ्रेटवर ठेवून, पंधराव्या फ्रेटच्या वर तळव्याची कड टेकवून छेडलं की घंटेसारखा सूर निघतो, गाणं हळू असेल तर फार छान लागतो. प्रत्येक गाण्याला नको पण.

आठवडाभर घरी

जॅमचे लोक ठरलेलेच असतात आणि ज्याची त्याची गाणीही ठरलेली असतात, याचा पुरेपूर फायदा घ्या. एक वही करा, गाणाऱ्याचं नाव, गाणं, पट्टी, आणि वर लिहिलेत तसे आकडे. परवानगी विचारून फोनवर रेकॉर्ड करा, कुणी नाही म्हणत नाही. घरी त्या रेकॉर्डिंगवर फक्त साथ वाजवायची, सोलो नाही.

रोजच्या रियाजात निदान दहा मिनिटं तानपुरा अ‍ॅप जी मध्ये लावा आणि बार फ्रेटच्या रेघेच्या बरोबर वर ठेवून एकेक कॉर्ड लांब वाजवा. आधी थरथर न देता. व्हायब्रेटो पहिल्यापासून सुरू केला तर सूर कुठे आहे तेच कळत नाही, सूर बसल्यावर मग मनगटाने बार हलकेच पुढेमागे. डोळे मिटून तिसऱ्यावरून आठव्यावर, आठव्यावरून दहाव्यावर उड्या मारा आणि तानपुऱ्याशी ताडून बघा. बाकी वेळ तळव्याने तारा बंद करायला द्या, अंगठ्यात प्लॅस्टिकचा पिक आणि दोन बोटांत धातूचे, चौथी-पाचवी-सहावी, तिसरी-चौथी-पाचवी, पाचवी-सहावी-आठवी, सहावी-आठवी-दहावी या चार पकडी, छेड, बंद, छेड, बंद. कंटाळवाणं आहे, पण जॅममध्ये तुमच्या आधीच्या कॉर्डची शेपूट पुढच्या कॉर्डमध्ये घुसली नाही तरच गाणं स्वच्छ राहतं.

निघताना तारा कोरड्या फडक्याने पुसा, ट्यूनिंगचा पाना, बार, पिक आणि पेडलचे रॉड मोजून केसमध्ये ठेवा, कारण रॉड एक जरी खुर्चीखाली राहिला तर पुढच्या आठवड्यात एक पेडल नाही. खुर्च्या उचलायला हात लावा, डोनेशनच्या बरणीत पाच डॉलर टाका, आणि ज्या बाईंनी आज पट्टी बदलून गायलं त्यांना विचारून वहीत नवीन पट्टी लिहून घ्या.